कातळशिल्पांचे ‘आभासी दर्शन’ घडवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
कोकणातील कातळशिल्पांच्या संवर्धनाचे, संशोधनाचे आणि पर्यटनाचे निर्णय घेणारे अधिकारी, समित्यांचे सदस्य आणि विद्यापीठांतील पुरातत्त्वाचे प्राध्यापक,
महाराष्ट्र व गोवा

सप्रेम नमस्कार.

आमच्या तालुक्यातल्या एका सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, कोरलेल्या कातळशिल्पांचे त्रिमितीय चित्रीकरण झाले तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. ड्रोन फिरला, लेझर स्कॅनर लागला, तरुण मुले भर उन्हात वाकून छायाचित्रे घेत होती. त्यातून तयार झालेला व्हर्च्युअल रिॲलिटीचा, म्हणजे आभासी वास्तवाचा, कार्यक्रम नंतर पाहायला मिळाला. हेडसेट डोळ्यांवर चढवला की ढोल वाजतात, मशाली पेटतात, कातळावरचा हत्ती उठून चालू लागतो. मुले हरखून जातात. त्यांच्या आनंदाबद्दल माझी काहीही तक्रार नाही.

तक्रार आहे ती पुढे मिळालेल्या उत्तराबद्दल. मूळ छायाचित्रे, स्कॅनरची नोंद आणि मोजमापे अभ्यासासाठी मिळतील का, असे मी लेखी विचारले. ही सामग्री कंत्राटदाराकडे आहे, करारात फक्त तयार कार्यक्रम देण्याचे ठरले होते आणि या कामात संशोधनाची तरतूद नाही, असे मला कळवण्यात आले. शेवटचे वाक्य वाचल्यापासून मी अस्वस्थ आहे. एवढे यंत्र, एवढी मेहनत आणि सरकारी पैसा खर्ची पडला, आणि त्यातून कातळशिल्पांविषयी एकही नवी गोष्ट कळावी अशी कोणाची अपेक्षाच नव्हती! म्हणून हे पत्र उघडपणे लिहितो आहे.

मी राजापूर तालुक्यातला. आमच्या भाऊबंदांच्या सामाईक जमिनीत, सातबाऱ्यावर पोटखराब म्हणून लागलेल्या सड्यावर, कातळशिल्पे आहेत. लहानपणी गुरांमागे जाताना आम्ही त्यांच्यावरून उड्या मारल्या. पुढे पुरातत्त्व शिकलो आणि आज छायाचित्रांवरून त्रिमितीय नोंदी करणे हेच माझे काम आहे. त्यामुळे घरचा वारसा म्हणून आणि रोजचा व्यवसाय म्हणून, दोन्ही बाजूंनी हा विषय माझ्या जिवाचा आहे.

ज्यांनी कातळशिल्पे पाहिलेली नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगतो. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत आणि गोव्यात जांभ्या दगडाचे विस्तीर्ण सडे आहेत. त्या उघड्या कातळावर माणसे, हत्ती, वाघ, मासे, पक्षी, चौकटी आणि अर्थ न लागलेल्या असंख्य भौमितिक आकृत्या कोरलेल्या आहेत. काही ठिकाणी गेंड्यासारखे प्राणी दिसतात, जे आज कोकणात नाहीत. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे, सुरेंद्र ठाकूरदेसाई आणि त्यांच्या सोबत्यांनी गावोगावच्या गुराख्यांना, म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारत, पायपीट करत ही ठिकाणे उजेडात आणली. २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत कोकणातली ९ ठिकाणे गेली: उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातले कुडोपी आणि गोव्यातले फणसायमळ.

ही शिल्पे कोणी, कधी आणि कशासाठी कोरली याचे पक्के उत्तर अजून नाही. कारण साधे आहे. उघड्या कातळावर मातीचे थर जवळजवळ नसतातच. खाचेत कोळसा सापडत नाही, हाड सापडत नाही, कार्बन पद्धतीने काळ ठरवता येईल असे काही हाती लागत नाही. मग पुरावा उरतो तो खाचेच्या आकाराचा, तिच्या खोलीचा, एक रेष दुसरीला कुठे छेदते त्याचा, आकृती कुठल्या बाजूने पाहिली की नीट दिसते त्याचा आणि त्या जागेवरून आसपास काय दिसते त्याचा. म्हणजे सगळा पुरावा पाहण्यातच आहे. आणि ‘पाहणे’ हवे तसे बदलून, मोजून, पुन्हा पुन्हा तपासता येते ते आभासी वास्तवात. उत्खननाच्या जागी हे तंत्र उपयोगी आहेच, पण कातळशिल्पांसाठी त्याची गरज त्याहूनही मोठी आहे. म्हणूनच त्याचा वापर फक्त करमणुकीपुरता झालेला पाहून जीव तुटतो.

एक उदाहरण देतो. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे आणि त्याच्या पोटात इतर अनेक प्राण्यांची चित्रे आहेत. आपण सगळे तो ओळखतो ड्रोनच्या छायाचित्रावरून, म्हणजे थेट आकाशातून. कोरणाऱ्या माणसाने तो तसा कधीच पाहिला नसणार. तो उभा होता जमिनीवर. दीड मीटर उंचीवरच्या डोळ्याला १८ मीटरवरची रेष जेमतेम ५ अंशांच्या तिरक्या कोनातून दिसते. हत्तीच्या एका टोकाला उभे राहिले की दुसरे टोक चपटे होऊन जमिनीत मिटून जाते. तरीही आकृतीची प्रमाणबद्धता टिकली आहे. ती कशी साधली? दोरीने मोजले का? पावलांनी मोजले का? आधी छोटे चित्र काढून ते मोठे केले का? एक माणूस दूर उभा राहून सांगत होता आणि बाकीचे कोरत होते का?

हे प्रश्न खऱ्या सड्यावर तपासता येत नाहीत, कारण तिथे एक रेघ मारून पाहणेसुद्धा गुन्हा ठरेल आणि ठरायलाच हवा. पण हेडसेटमधल्या सड्यावर पन्नास माणसांना हत्ती काढायला सांगता येईल. काहींना दोरी द्यावी, काहींना देऊ नये. त्यांच्या चुका कुठल्या दिशेला जातात ते मोजावे आणि त्या कातळावरच्या मूळ आकृतीच्या बारीकसारीक विसंगतींशी ताडून पाहाव्यात. आकृती एखाद्या विशिष्ट बाजूनेच सरळ दिसावी म्हणून मुद्दाम लांबवली आहे का, हेही कळू शकेल. असा अभ्यास कोणी केला तर कातळशिल्पांच्या चर्चेला अंदाजाच्या पलीकडे जाता येईल. त्यासाठी लागणारी सामग्री गोळा होऊन पडली आहे, आणि ती कुणाच्या तरी हार्ड डिस्कमध्ये बंद आहे.

दुसरे उदाहरण आमच्याच सड्यावरचे. तिथे एक चौकोनी चौकट आहे, आत वळणावळणाच्या रेषांची जाळी. चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात एक रेष बाहेरून आत येते आणि चौकटीला छेदते. दुपारच्या उन्हात तिथे काहीच कळत नाही. जांभ्याची भोके आणि कोरीव खाच एकच वाटते. मी जवळून घेतलेल्या छायाचित्रांवरून त्या कोपऱ्याचे त्रिमितीय प्रारूप केले आणि ओळखीच्या एका मित्राच्या हेडसेटमध्ये घातले. आत गेल्यावर हातातला दिवा कातळाला जवळजवळ टेकवून एका बाजूने धरला, तेव्हा चौकटीची खाच सलग जाताना दिसली आणि बाहेरून आलेली रेष तिच्या काठाशी कडा मोडून थांबलेली दिसली. दिवा समोरच्या बाजूने धरला तरी तसेच. म्हणजे आधी रेष असावी आणि चौकट नंतरची. एका कोपऱ्यापुरती का होईना, दोन आकृत्यांमध्ये आधी-नंतर लागला. काळ ठरवण्याचे दुसरे साधन नसताना असे आधी-नंतर शेकडो ठिकाणी लावत जाणे हाच एक धड मार्ग आहे. नंतर सड्यावर जाऊन मावळतीच्या तिरप्या उन्हात तीच जागा पाहिली आणि खात्री करून घेतली. ही पडताळणी सोडता येत नाही.

आता जगात काय चालले आहे ते पाहा. ‘व्हर्च्युअल आर्किऑलॉजी’ ही कल्पना १९९० च्या सुमारास पॉल रायली यांनी मांडली, तेव्हा त्यांच्यासमोर पर्यटक नव्हते. उत्खनन म्हणजे पुरावा नष्ट करत पुढे जाणे. एकदा उकरलेला थर पुन्हा घालता येत नाही. मग तो थर संगणकात जपून पुन्हा पुन्हा ‘उकरता’ येईल का, हा त्यांचा प्रश्न होता. तुर्कस्तानातल्या चातालह्युयुक या नवाश्मयुगीन वसाहतीत मॉरिझिओ फोर्ते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० नंतर नेमके तेच केले. उत्खननाचा थर न् थर त्रिमितीय नोंदवला आणि वेगवेगळ्या ठिकाणचे अभ्यासक त्या खड्ड्यात आभासी रूपाने एकत्र उतरून, कुठली भिंत आधीची आणि कुठला लेप नंतरचा, यावर चर्चा करू शकले. इटलीतल्या पॉम्पेई या प्राचीन रोमन शहरात स्वीडनच्या लुंड विद्यापीठाच्या अभ्यासकांनी ‘हाऊस ऑफ द ग्रीक एपिग्राम्स’ या घराची आभासी पुनर्रचना केली, त्यात माणसांना फिरवले आणि त्यांची नजर कुठे जाते, कशावर ठरते, याची नोंद घेतली. घरमालकाने चित्रे, खांब आणि उजेड यांची मांडणी करून येणाऱ्या पाहुण्याचे लक्ष कसे खेचले असेल, यावर त्यातून बोलता आले. हे काम २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. फ्रान्समधल्या कॉस्केर या प्रागैतिहासिक चित्रांच्या गुहेचे तोंड समुद्राखाली ३७ मीटरवर आहे. पाणबुड्यांखेरीज आत कोणी जाऊ शकत नाही आणि समुद्राची पातळी वाढत असल्याने आतली चित्रे धोक्यात आहेत. तिथल्या त्रिमितीय नोंदींचा उपयोग मार्सेयमध्ये २०२२ साली उघडलेल्या प्रतिकृतीसाठी झाला, आणि गुहेत पाऊल न ठेवू शकणाऱ्या अभ्यासकांसाठीही होतो. एकाच नोंदीतून दोन्ही कामे निघतात. आपल्याकडे मात्र पहिल्या कामाला पैसे मिळतात आणि दुसरे करारात लिहिलेलेच नसते.

माझ्या तक्रारी आता एकेक करून सांगतो.

सगळ्यात आधी, मूळ सामग्रीची मालकी. सार्वजनिक पैशातून, सार्वजनिक वारशाची घेतलेली छायाचित्रे आणि पॉइंट क्लाउड (स्कॅनरने मोजलेल्या असंख्य बिंदूंचा संच) खासगी कपाटात राहतात. कार्यक्रम हातात आला की काम संपले, असे खात्याला वाटते. पण हेडसेट चार-पाच वर्षांत जुने होतात, त्यांच्यासाठी बनवलेले कार्यक्रम त्यांच्याबरोबर बंद पडतात. वीस वर्षांपूर्वी सीडीवर दिलेली सादरीकरणे आज किती ठिकाणी उघडतात ते आपल्याच कार्यालयात तपासून पाहावे. मूळ छायाचित्र मात्र टिकते, आणि उद्याच्या सुधारलेल्या तंत्राने त्यातून आजच्यापेक्षा चांगले प्रारूप काढता येते. जे टिकणारे आहे ते आपण सोडून देतो आणि जे विरणार आहे त्याचे पैसे मोजतो.

दुसरी गोष्ट तांत्रिक आहे, पण महत्त्वाची. हेडसेटमध्ये दृश्य अडखळले तर माणसाला गरगरते, म्हणून सेकंदाला साधारण ७२ ते ९० चित्रे दाखवावी लागतात. तेवढा वेग यावा म्हणून मूळ प्रारूप विरळ केले जाते. प्रारूपाचा पृष्ठभाग ज्या बारीक त्रिकोणांनी बनतो ते लाखोंचे काही हजार उरतात आणि वरून छायाचित्राचा मुलामा चढवला जातो. डोळ्याला फरक कळत नाही. पण छिन्नीचा किंवा दगडी हत्याराचा घाव, खाचेची झिजलेली कड, मघाशी सांगितलेले ते छेदणे, सगळे त्या विरळ करण्यात पुसले जाते. म्हणजे ‘कार्यक्रम दिला आहे, त्यावरच अभ्यास करा’ हे म्हणणे टिकत नाही. कार्यक्रमात अभ्यासाचा भागच उरलेला नसतो.

तिसरी तक्रार पुरावा आणि कल्पना यांच्या सरमिसळीची आहे. मी पाहिलेल्या कार्यक्रमात कोरणाऱ्याच्या हातात लोखंडी छिन्नी होती. निवेदनात शिल्पांचे वय ठाम आकड्यात सांगितले होते. अभ्यासकांमध्ये ज्यावर एकमत नाही, ते प्रेक्षकाने डोळ्यांनी ‘पाहिले’ आणि खरे मानून घरी नेले. पुस्तकातला चुकीचा आकडा माणूस विसरतो. आपण स्वतः त्या जागी उभे होतो असे वाटायला लावणारे दृश्य सहजी विसरत नाही. या धोक्याची जाणीव जगाला फार आधी झाली. वारशाच्या संगणकीय पुनर्रचनेसाठीच्या २००६ च्या लंडन सनदेने सांगितले की पुनर्रचनेतल्या प्रत्येक निर्णयामागचा विचार नोंदवून ठेवावा. पुढे आभासी पुरातत्त्वासाठीच्या सेव्हिल तत्त्वांनी काय मूळ, काय दुरुस्त केलेले आणि काय कल्पिलेले हे पाहणाऱ्याला कळले पाहिजे, असा आग्रह धरला. ‘इकोमॉस’ या वारसा-संवर्धनाच्या जागतिक संस्थेने ती तत्त्वे २०१७ मध्ये स्वीकारली, आणि ती सभा भरली होती नवी दिल्लीत. आपल्याच देशात मान्य झालेला दंडक आपल्याच निविदांत का दिसत नाही?

चौथे, सड्याखालच्या गावाला विचारलेच जात नाही. कुठल्या आकृतीत पावसाळ्यात पाणी साठते, कुठली पहाटेच्या उन्हातच दिसते, कुठल्या वाटेने पूर्वी माणसे सडा ओलांडत, कुठे राखणदाराला नारळ ठेवतात, हे गावाला ठाऊक असते. सप्टेंबरात सडा ‘सीतेची आसवे’ या रानफुलांनी निळा-जांभळा होतो आणि निम्म्या आकृत्या गवताखाली जातात. एप्रिलमध्ये तोच सडा करपलेला, उघडा असतो. बहुतेक चित्रीकरण एकाच ऋतूत होते, तेही भर दुपारी, कारण ड्रोनला वारा कमी हवा आणि पथकाला परतायचे असते. मग तो एक दिवस म्हणजेच कातळशिल्प, असे कायमचे ठरून जाते. गोव्यात कुशावतीच्या काठची शिल्पे तर नदीच्या पुराशी बांधलेली आहेत. पाण्याशिवाय केलेली त्यांची नोंद अपुरीच राहणार.

आता ज्या गोष्टीची मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती सांगतो. हल्ली सड्यांविषयी बोलणे निघाले की कोणीतरी समजुतीच्या सुरात म्हणते, “स्कॅन करून ठेवा ना, मग काय अडचण आहे?” चिरेखाणीवाले म्हणतात, आंबा-काजूची लागवड करण्यासाठी कातळात सुरुंग लावून खड्डे पाडणारे म्हणतात, रस्ता रुंद करणारे म्हणतात. बारसूचा सडा युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहे आणि त्याच परिसरात तेलशुद्धीकरण प्रकल्प प्रस्तावित झाला. एप्रिल २०२३ मध्ये माती परीक्षणावरून तिथे विरोध करणारे गावकरी आणि पोलीस यांच्यात काय झाले ते महाराष्ट्राने पाहिले आहे. त्या प्रकल्पाच्या बाजूने कोण आणि विरोधात कोण, या वादात हे पत्र मी नेणार नाही. पण कातळशिल्पाची आभासी प्रत तयार आहे म्हणून मूळ शिल्पाचा आग्रह सोडा, असे कुठल्याही प्रकल्पाच्या कागदावर येता कामा नये.

‘स्कॅन करून ठेवा’ म्हणणारे पॅरिसच्या नोत्र दाम चर्चचे उदाहरण देतात. कला-इतिहासकार अँड्र्यू टॅलन यांनी २०१० मध्ये तिचे लेझर स्कॅनिंग केले होते, १५ एप्रिल २०१९ रोजी आग लागली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये चर्च पुन्हा उघडले. त्या नोंदी उपयोगी पडल्या, यात शंका नाही. पण तिथे भिंती उभ्या होत्या, कमानी बऱ्याचशा शाबूत होत्या, सुतारकाम आणि पाथरवटकाम जाणणारे हात होते, आणि मुळात ती इमारत कोणी, कशी बांधली हे माहीत होते. कातळशिल्पाचा चिरा कापून कुणाच्या कुंपणात लागला की त्याची पुनर्बांधणी म्हणजे काय करणार? आपण फक्त एक आकृती पुन्हा खोदू. मूळ खाचेच्या पृष्ठभागावर हजारो पावसाळ्यांत झालेली झीज, तिच्यात कदाचित अडकलेले सूक्ष्म अवशेष, दगडाच्या सालीतले रासायनिक बदल यांतले काहीच स्कॅनमध्ये येत नाही. उद्या एखादी नवी पद्धत निघेल जी या सालीवरून वय सांगेल. तेव्हा तिला खरा दगड लागेल. आभासी प्रत हे मूळ जपण्याचे आणखी एक कारण असले पाहिजे. ती मुळाची जागा घेऊ लागली तर हे तंत्र वापरण्यापेक्षा न वापरलेले बरे.

या तंत्राच्या मर्यादाही मला माहीत आहेत. हेडसेटमध्ये अंतरे असतात त्यापेक्षा कमी भासतात, हे अनेक प्रयोगांत दिसून आले आहे. नजरेचा पल्ला खऱ्यापेक्षा अरुंद असतो. आजच्या माणसाला बसवून त्याच्या नजरेवरून प्राचीन माणसाच्या मनाविषयी बोलताना फार जपून बोलावे लागते. म्हणूनच हे काम तंत्रज्ञांवर सोडून भागणार नाही. पुरातत्त्वाचे अभ्यासक त्यात पहिल्या दिवसापासून हवेत. विद्यापीठांतील प्राध्यापकांनाही माझे हेच सांगणे आहे. “हे सगळे पोरखेळ आहेत” म्हणून आपण या खोलीत पाऊल ठेवत नाही, आणि मग खोली पूर्णपणे करमणूकवाल्यांच्या ताब्यात जाते. आपल्या विद्यार्थ्यांना उत्खननाचा खड्डा आखायला शिकवता तसे पॉइंट क्लाउड तपासायला आणि त्यातली चूक पकडायलाही शिकवा.

हे केवळ कातळशिल्पांपुरते नाही. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या लष्करी भूप्रदेशातले १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. विजयदुर्गाच्या बुरुजावरून कुठवरचे गलबत दिसत असेल, कुठल्या गडावरून कुठला गड दिसतो, धुके असताना काय होत असेल, हे सगळे याच पद्धतीने तपासता येते. तिथेही आधी ‘शो’ येईल आणि अभ्यास मागे राहील, अशी चिन्हे मला दिसतात. पण आज मी कातळाविषयीच मागतो.

माझ्या मागण्या सरळ आहेत.

यापुढे वारसास्थळाच्या कुठल्याही त्रिमितीय कामाच्या निविदेत मूळ छायाचित्रे, स्कॅनरच्या नोंदी, मोजमापांचे बिंदू आणि विरळ न केलेले प्रारूप खुल्या स्वरूपात सरकारकडे जमा करण्याची अट असावी, आणि ही सामग्री ठराविक मुदतीत अभ्यासकांसाठी उपलब्ध करावी. ज्यांची कामे आधीच झाली आहेत, त्यांच्याकडून ती पाठपुरावा करून मिळवावी. करारात नसेल तर वेगळी रक्कम द्या, पण मिळवा. अजून उजेडात न आलेल्या किंवा असुरक्षित ठिकाणांचे नेमके स्थान जाहीर करू नये, एवढी काळजी घेतली की पुरे.

संभाव्य यादीतल्या ९ ठिकाणांसाठी महाराष्ट्र आणि गोवा यांनी मिळून नोंदणीचा एकच दंडक ठरवावा: किती बारकाईने मोजायचे, रंग जुळवण्यासाठी रंगपट्टी कोणती, कुठल्या ऋतूंत आणि दिवसाच्या कुठल्या वेळी छायाचित्रे घ्यायची. आज कशेळीची नोंद एका पद्धतीने आणि कुडोपीची दुसऱ्या पद्धतीने झाली तर उद्या त्यांची तुलनाच करता येणार नाही. युनेस्कोसाठी सविस्तर प्रस्ताव तयार करतानाही ही नोंद लागणारच आहे.

जनतेला दाखवल्या जाणाऱ्या प्रत्येक आभासी दृश्यात पुरावा आणि कल्पना वेगळे दिसतील अशी सोय सक्तीची करावी. एक कळ दाबली की कल्पिलेला भाग फिका व्हावा, इतके साधे असू शकते. मुलांना ते कळते. किंबहुना ‘हे आपल्याला अजून माहीत नाही’ हे पाहून त्यांचे कुतूहल वाढते, हा माझा शाळांतला अनुभव आहे.

अशा आभासी दर्शनाच्या दालनाच्या खर्चाचा ठराविक हिस्सा संशोधनासाठी राखून ठेवावा, आणि त्यातून झालेला अभ्यास मराठीत आणि कोंकणीतही प्रसिद्ध व्हावा. ज्या गावाच्या सड्याची नोंद झाली त्या गावच्या शाळेत किंवा ग्रामपंचायतीत एक हेडसेट आणि पूर्ण प्रारूप ठेवावे. ज्या गावकऱ्यांनी जागा दाखवली आणि माहिती सांगितली त्यांची नावे, त्यांची हरकत नसेल तर, त्या नोंदीत यावीत.

आणि लेखी आदेश काढावा, की त्रिमितीय नोंद झाली आहे या कारणावरून कुठल्याही कातळशिल्पाच्या जागी खाण, बांधकाम, लागवड किंवा रस्त्याला परवानगी मिळणार नाही.

पाऊस सरला की सडे पुन्हा उघडे पडतील आणि पुढच्या हंगामाची चित्रीकरणे सुरू होतील. त्यांच्या निविदा त्याआधी निघतील. त्यांत वरील अटी घालणार की नाही, याचे उत्तर आपण जाहीरपणे द्यावे, अशी विनंती आहे. नकार असेल तर तोही कारणांसह द्यावा, म्हणजे त्यावर बोलता येईल. आमच्या सड्याची माझ्याकडे असलेली सगळी मूळ छायाचित्रे, मोजमापे आणि प्रारूपे मी विनामूल्य आणि विनाअट द्यायला तयार आहे. ती कुठल्या कार्यालयात, कोणाकडे जमा करायची, तेवढे कळवावे.

आपला नम्र,
राजापूर तालुक्यातील एक कातळशिल्प अभ्यासक